पाप कोणाचं?



तुमच्यातले बरेच जण मला विचारतात, तू कविता लिहितोस, मोर्चात पुढं असतोस, मंग दर गुरुवारी बायबल घेऊन बसतोस कामून? काही जण हसून विचारतात, काही जण हसत नाहीत. म्हणतात, देवाच्या नावानं माणूस झोपतो, आन् आपल्याला तर माणसं उठवायचीत. प्रश्न रास्त आहे. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी कळमनुरीचा. जात मांग. धर्म आज्यानं बदलला. घरात दावी-कासरे वळायचा धंदा, लग्नसराईत बाजा. मी जिनिंगात. कापसाचा हंगाम असला की रेच्यावर उभं राहायचं. नाकातोंडात रुई, पायाखाली सरकी. हंगाम सरला की मिळेल ते काम. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण दोन ठिकाणी झालं. एक हा गुरुवारचा वर्ग आणि दुसरं बुद्धविहारातलं पुस्तकांचं कपाट. दोन्हीकडं कोणी फी मागितली नाही.

वर्ग म्हंजे काय, तर आमच्या पुढच्या खोलीत दहाबारा माणसं. बँडात ट्रम्पेट वाजवणारे मामा, वीटभट्टीवरून आलेलं जोडपं, दोन विधवा मावश्या, माझी माय. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या गुरुवारी मी वाचतो, कारण बाकीच्यांना अक्षर नाही किंवा डोळे नाहीत. एक अध्याय वाचायचा आणि मग प्रत्येकानं आपल्याला काय ऐकू आलं ते सांगायचं. न बोलता कोणी उठायचं नाही, हा आमचा नियम. ज्या मावशीला गावात कोणी तोंड उघडू दिलं नाही तीही इथं बोलते.

पुस्तकातली मराठी जड. नीतिमान, अनुग्रह, प्रायश्चित्त. माय म्हणते, "बाबा, हे आपल्या बोलीत सांग." मग मी ते कळमनुरीच्या बोलीत उतरवतो. पंडिता रमाबाईंनाही हीच खटक होती. बायाबापड्यांना कळावं म्हणून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत केलं. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायापोरींनी खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. टाकलेल्या बायांनी आपल्या हातानं छापलेलं पुस्तक. हे मला ठाऊक झालं तेव्हापासून मी पान उलटताना बोटाला थुंकी लावत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर कडक लिहिलं आहे. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमधली जात तोंडावर दाखवली. पुढं त्यांच्या लेखनाचा पाचवा खंड १९८९ मध्ये सरकारनं छापला. त्यात त्यांचा सवाल आहे की धर्म बदलूनही हा माणूस अन्यायाविरुद्ध पेटत का नाही? त्यांनी दिलेलं एक कारण माझ्या काळजात रुतून बसलं. ते म्हणतात, अस्पृश्याची ही गत भोवतालच्या समाजानं केलेली असते, पण ख्रिस्ती उपदेश त्याला सांगतो की माणसाचं पतन त्याच्या पापामुळं झालं. मग तो समाजाकडं बोट दाखवायचं सोडून स्वतःची छाती बडवत बसतो.

मी हे वर्गात वाचून दाखवलं. हो, बायबल वर्गात बाबासाहेब वाचले. खोली गप्प झाली. ट्रम्पेटवाले मामा म्हणाले, "खरंय. मव्हा पोरगा तापानं गेला तवा मला एका उपदेशकानं हेच ईचारलं होतं, तुव्हं काय पाप झालं म्हणून."

पुढच्या गुरुवारी योहानाचा नववा अध्याय काढला. जन्मापासून आंधळा असलेला माणूस रस्त्यात भेटतो. शिष्य येशूला विचारतात की हा आंधळा जन्मला, तर पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? बगा मित्रांनो, किती ओळखीचा प्रश्न. आमच्या गावचा भटजी आमच्या आज्याला हेच सांगायचा. मागच्या जन्मी पाप केलं म्हणून मांगाच्या पोटी आलास, भोग. आणि येशूचं उत्तर काय? याचंही नाही, आईबापाचंही नाही. तिथंच तो कर्माचं गणित पुसून टाकतो, आणि मग थुंकीनं माती कालवून कामाला लागतो.

पुढं गोष्ट अजून धार धरते. डोळे आलेल्या माणसाला धर्मपंडित पकडतात, उलटतपासणी घेतात. आईबाप भितात, म्हणतात त्यालाच विचारा. तो पोरगा मात्र सरळ सांगतो की मला दिसायला लागलं एवढं मला कळतं. तेव्हा पंडित चिडतात. तू पापात जन्मलेला, तू आम्हाला शिकवतोस? आणि त्याला हाकलून देतात. भट्टीवरची बाई म्हणाली, "शिकल्यासवरल्यावर आपल्या पोरायला बी असंच म्हणतेत." तिला अक्षर येत नाही. पण अख्खा अध्याय तिला कळला होता.

म्हणून पहिला धडा. आमचे पाप आहेत, ते आम्ही कबूल करू. दारू, बायकोवर हात, सावकारापुढं लाचारी. पण गावकुसाबाहेरचा जन्म हे आमचं पाप नाही. जो पाळक ते आमच्या माथी मारील, त्याच्यापुढं योहानाचा नववा अध्याय उघडून ठेवायचा.

दुसरा धडा मत्तयाच्या विसाव्या अध्यायाचा. मळ्याचा धनी पहाटे अड्ड्यावर जातो, मजूर ठरवतो, रोज एक दिनार. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला. दिवस मावळायला तास उरला तरी काही माणसं उभीच. का उभे, तर कोणी कामाला लावलंच नाही. त्यांनाही तो मळ्यात धाडतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

ही गोष्ट मला लहानपणी अन्यायाची वाटायची. हंगाम नसताना मी स्वतः अड्ड्यावर उभा राहायला लागलो तेव्हा ती उलगडली. संध्याकाळपर्यंत उभा राहणारा आळशी नसतो. त्याला कोणी घेतलेलं नसतं. म्हातारा म्हणून, किडका म्हणून, कधी आडनाव विचारून. पोट मात्र त्यालाही पहाटे आलेल्याएवढंच. मित्रांनो, आरक्षणावर कोणी तुमच्याशी वाद घालायला आला, गुणवत्तेचं तुणतुणं वाजवायला लागला, तर त्याला ही गोष्ट सांगा. आपल्याला अड्ड्यावर हजारो वर्षं उभं ठेवलं. आता शेवटच्या तासाला मळ्यात घेतलं तर पहाटेवाल्याच्या पोटात दुखतं.

तिसरा धडा निर्गमच्या पाचव्या अध्यायाचा. इस्राएल लोक मिसरात विटा पाडतात. मोशे राजाकडं जाऊन म्हणतो, माझ्या लोकांना उपासनेला जाऊ दे. राजा म्हणतो, आळशी झालेत. हुकूम काढतो की आता विटांना पेंढा मिळणार नाही, तो तुम्हीच गोळा करा, आणि विटा मात्र ठरल्याएवढ्याच. हिशोब भरत नाही म्हणून त्यांच्यातल्याच मुकादमांना मार बसतो. आणि ते मुकादम राजाला सोडून मोशेवर उलटतात. तुझ्यामुळं झालं हे सगळं!

हे वाचलं की मला १९७८ आठवतं. तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण मराठवाड्यात आपल्याला ते सांगणारं माणूस घरोघर आहे. २७ जुलैला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. घरं जळाली, विहिरी बाटवल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं. ते मातंग होते, हे आमच्या मांगवाड्यानं आणि तुमच्या बौद्धवाड्यानं दोघांनीही ध्यानात ठेवावं. तेव्हाही आपल्यातली काही म्हातारी माणसं म्हणाली होती की कशाला मागितलं नाव? मागितलं नसतं तर घर तरी राहिलं असतं. पेंढा काढून घेणाऱ्याला कोणी बोललं नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला. पहिली मागणी केली की जुलूम आधी वाढतो, आणि आपलीच माणसं आधी उलटतात. मोशे तिथून पळाला नाही. कार्यकर्त्यानं हा अध्याय पाठ करावा, मग त्याचा देवावर विश्वास असो नसो.

आता आमच्या घरातलं बोलतो. पौलानं गलतीच्या मंडळीला लिहिलं की ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र हा भेद उरत नाही. हे वाचलं की आमची माणसं मोठ्यानं आमेन म्हणतात. आणि सोयरीक जुळवताना विचारतात, मूळचे कोण? महारातून आलेले की मांगातून? मी वर्गात विचारलं, की आमेन कशाला म्हणलात मग? दोन माणसं त्यानंतर यायची बंद झाली. बाबासाहेबांचा आरोप जोपर्यंत आमच्या लग्नात जिवंत आहे तोपर्यंत आम्ही त्याला उत्तर दिलं असं म्हणता येणार नाही. आणि तुम्हीही आपापल्या लग्नपत्रिका तपासा.

दुसरीकडं सरकार काय करतं? १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश सांगतो की हिंदू नसलेला अनुसूचित जातीचा नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग. ख्रिस्ती मांगाला गावात मारलं तर मारणारा त्याची जातच बघून मारतो, पण १९८९ च्या अत्याचारविरोधी कायद्याचं छत्र त्याच्या डोक्यावर येत नाही. गावाला आमची जात दिसते. कायद्याला दिसत नाही.

माझी बहीण नर्सिंगला जायचं म्हणते. कागदावर आम्ही हिंदू मांग. बाप म्हणतो, पडताळणी होईपर्यंत पोरीनं वर्गात बसू नये, कोणी फोटो काढला तर भविष्य जाईल. म्हणून ती आतल्या खोलीत भाकरी थापते आणि दाराआडून ऐकते. मी मुद्दाम मोठ्यानं वाचतो. तिची पाळी आली की ती आतूनच बोलते, नियम तिलाही लागू आहे. योहानाच्या अध्यायाला आतून आवाज आला, "दादा, त्याचे आईबाप कामून भेले ते मला कळलं." बाप खाली मान घालून बसला. मी बापाला दोष देत नाही. ज्यानं हा आदेश लिहिला त्यानं आमच्या घरात ही भिंत बांधली.

१८५५ मध्ये मुक्ता साळवे नावाची चौदा वर्षांची मांगाची पोर, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली. तिनं मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि ज्यांनी आम्हाला धर्माबाहेर ठेवलं त्यांना विचारलं, आमचा धर्म तरी कोणता? तो निबंध छापला 'ज्ञानोदय'नं. ख्रिस्ती मिशनचं पत्र. तेव्हा आपली नाळ कुठंकुठं जोडलेली आहे ते बघा. आज तिचीच भाचवंडं दाराआड बसून शिकतात.

एक शेवटचं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये 'महाबोधी'त लेख लिहिला. त्यात बौद्धांना बायबलासारखा एकच ग्रंथ हवा, असं स्पष्ट म्हटलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांनी लिहिला, तो निघाला १९५७ मध्ये, त्यांच्यामागं. तो ग्रंथ तुमच्या विहारात कपड्यात गुंडाळून हार घालून ठेवलाय. काढा बाहेर. आठवड्यातून एक दिवस ठरवा. वाचता येणाऱ्यानं वाचावं, न येणाऱ्यानं बोलावं, आणि न बोलता कोणाला उठू देऊ नका. आमच्या वर्गाकडून घेण्यासारखं तुमच्यासाठी एवढं आहे. तुमच्याकडून आम्ही रस्त्यावर उतरणं घेऊ.

येत्या गुरुवारी निर्गमचा सहावा अध्याय आहे. मोशे पुन्हा लोकांकडं जातो आणि लोक त्याचं ऐकत नाहीत. कारण लिहिलंय की कष्टानं त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. थकलेल्या माणसाला कसं सांगावं, ह्यावर भट्टीवरचं जोडपं बोलणार आहे. ज्याला यायचं त्यानं यावं. जयभीम म्हणत या, दार उघडं आहे.