संपाच्या दिवशी देवगिरी

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा पिंड नाही. वर्गात मीना प्रभूंपासून अनिल अवचटांपर्यंत अनेकांच्या लेखनाविषयी आम्ही उभयता तासन् तास बोलू शकतो; पण स्वतः प्रवासाला निघालो की आमच्या वह्या कोऱ्याच परत येतात. एका दिवसाची गोष्ट मात्र अपवाद म्हणून इतकी वर्षे मनात राहिली आहे. तो दिवस १७ ऑक्टोबर २०१७, मंगळवार, धनत्रयोदशीचा. स्थळ दौलताबाद, म्हणजे आमच्या अभ्यासक्रमातील देवगिरी. आणि निमित्त एस.टी.चा संप.

दिवाळीच्या सुट्टीत सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाहून पुणेमार्गे तेव्हाच्या औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) आम्ही सोमवारी रात्री उतरलो ते एस.टी.नेच. संपाची नोटीस दिली गेली आहे, हे वर्तमानपत्रांत वाचले होते. पण दिवाळीच्या तोंडावर काहीतरी तोडगा निघेल, असे पगारदार माणसाला नेहमीच वाटते तसे आम्हालाही वाटले. तोडगा निघाला नाही. मध्यरात्रीपासून सुमारे एक लाख कर्मचारी संपावर गेले, आणि सकाळी मध्यवर्ती बसस्थानकात आम्हाला दिसली ती लाल गाड्यांची एक लांबलचक, निमूट रांग. फलाटांवर फराळाचे डबे, नव्या कपड्यांच्या पिशव्या आणि लहान मुले घेऊन बसलेली माणसे. चौकशीच्या खिडकीत कोणी नव्हते. तरीही लोक त्या खिडकीशी जाऊन डोकावत होते.

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. म्हणून त्या दिवशी दौलताबाद आणि बुधवारी वेरूळ, असा आमचा बेत होता. तो रद्द करण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही. किंबहुना, ‘आलोच आहोत तर निदान किल्ला पाहू’ या पर्यटकी लोभाने आम्ही खुलताबादकडे निघालेल्या एका काळ्यापिवळ्या जीपमध्ये शिरलो. आठ-नऊ माणसांच्या जागेत पंधरा. भाडे नेहमीच्या दुप्पट. आमच्या मांडीवर कोणाचे तरी मूल आणि त्या मुलाच्या मांडीवर अनारशांचा डबा. जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरांचे अंतर; पण उतरलो तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या.

देवगिरीविषयी साहित्याच्या वाचकांना नव्याने सांगावे असे काय आहे? भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी केली. रामदेवराव यादवाच्या राज्यात ज्ञानेश्वरी लिहिली गेली. चक्रधरांच्या लीळांमधला मुलूख हाच. एम.ए.च्या पहिल्या वर्षात यादवकाल शिकवताना आम्ही फळ्यावर जो नकाशा काढतो, त्याच्या मध्यभागी हा डोंगर असतो. पण नकाशात न येणारी एक गोष्ट पायथ्याशी उभे राहिल्यावरच कळते. हा किल्ला म्हणजे येणाऱ्याला अडवण्याचे एक संपूर्ण शास्त्र आहे. एकामागून एक तट. हत्तीची धडक निकामी करणारे, खिळे ठोकलेले दरवाजे. सरळ धावत येता येऊ नये म्हणून वळवलेल्या वाटा. मग डोंगराचा पायथाच उभा तासून काढलेली कडा, तिच्याभोवती खडकात खोदलेला खंदक, आणि तो ओलांडल्यावर अंधारी: डोंगराच्या पोटातून वर जाणारा काळोखा, वळणावळणांचा भुयारी जिना.

त्या अंधारीत मोबाइलचा उजेड धरून चढताना आम्हाला मोठी गंमत वाटत होती. वटवाघळांचा वास, पुढच्या माणसाचा न दिसणारा पाय, मागून येणाऱ्या मुलांच्या आरोळ्या. ज्या रचनेने एके काळी माणसांना मृत्यूच्या तोंडी दिले असेल, ती आता तिकीट काढून पाहण्याची मौज झाली आहे. दुसऱ्याची झालेली अडवणूक पुरेशी जुनी झाली की तिचे पर्यटनस्थळ होते, असे काहीसे वाक्य तेव्हा आमच्यापैकी एकाने उच्चारले आणि दुसऱ्याने त्याला दाद दिली. आपल्या वाक्यांवर खूश होण्याची सवय प्राध्यापकांना असतेच.

इतका दुर्गम किल्लाही १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीपुढे नमला. त्याविषयी जी कथा सांगतात, ती तटांची नाही. वेढ्याच्या घाईत किल्ल्यात चढवलेली पोती धान्याची समजली गेली आणि उघडल्यावर त्यांत मीठ निघाले, अशी ती कथा. खरीखोटी कशीही असो, तिच्यातले मर्म खरे आहे. किल्ले धोंड्यांवर उभे राहत नाहीत, गाडीवानांवर उभे राहतात. पोती वाहणारा थांबला किंवा चुकला की राजाचे काही चालत नाही.

पुढे १३२७च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीकरांना या डोंगराच्या पायथ्याशी आणले आणि गावाला दौलताबाद हे नाव दिले. इब्न बतूताने दिल्लीपासून इथपर्यंतचा प्रवास चाळीस दिवसांचा सांगितला आहे, आणि वाटेवर दुतर्फा झाडे होती असेही नोंदवले आहे. गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी मराठीत आणल्यापासून आपल्याकडे सुलतानाच्या मनाची पुष्कळ चिकित्सा झाली. त्या चाळीस दिवसांत चाललेल्या पायांविषयी मात्र आपण फार कमी बोलतो.

स्वेच्छेने चाललेले पाय आठवायचे, तर एकनाथांचे. पैठणहून पोरवयात ते देवगिरीला आले, ते या किल्ल्याचे किल्लेदार असलेल्या जनार्दनस्वामींच्या शोधात. तेथे त्यांनी गडाचे हिशेब लिहिले. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर जागले आणि पहाटे ती सापडल्यावर आनंदाने टाळ्या पिटल्या, ही कथा आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली आहे. गडावर जनार्दनस्वामींच्या स्थानाशी आम्ही काही वेळ बसलो. बारादरीपर्यंत जाऊन, चांदमिनार वरून पाहून खाली उतरायला दुपारचे चार वाजून गेले.

आणि मग लक्षात आले की, परतीची जीप नाही.

सकाळी भरभरून येणाऱ्या जीपगाड्या आता थांबतच नव्हत्या. खुलताबादच्या घाटाकडून येतानाच त्या टपापर्यंत भरलेल्या असत. तटाच्या जुन्या दरवाज्यातून रस्ता जातो, तिथे वाहनांची कोंडी होई. ती सुटली की सगळी वाहने भरधाव निघून जात. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका उरलेला माल आवरू लागल्या होत्या. पाट्या नेणार कशा, हा त्यांचा प्रश्न आमच्या प्रश्नाहून मोठा होता. आमच्याजवळ निदान पैसे होते. त्यांच्याजवळ उद्या मऊ पडणारी फळे होती.

चहाच्या टपरीपाशी बाकावर एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. अंगात साधा सदरा, पण खांद्यावर वर्षानुवर्षे चामडी पट्टा राहिल्याने माणूस एका बाजूला किंचित कलतो, तसे ते कललेले. आम्ही त्रासून, कोणालाच उद्देशून नव्हे असे, म्हणालो, “निदान सणासुदीला तरी संप करू नये.”

ते शांतपणे म्हणाले, “बसा ना सर. मॅडम, तुम्ही बी बसा. मीच हाय संपातला.”

ते कंडक्टर होते. जवळच्याच गावचे. पंचवीस वर्षे नोकरी. आमची तारांबळ पाहून त्यांनीच विषय सावरला. आम्ही कोठले, काय करतो, हे विचारले. कॉलेजात शिकवतो म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, “मग तुमचा सातवा लागला का?”

सातवा म्हणजे सातवा वेतन आयोग. त्यांच्या संपाची मुख्य मागणी तीच होती. आम्ही सांगितले, अजून नाही. वाट पाहतो आहोत.

“तुमचा लागंल,” ते म्हणाले. आवाजात असूया नव्हती. पावसाचा अंदाज सांगावा तसे ते बोलले. “उशिरा लागंल, पण लागंल. आमचं तसं नसतं. आम्ही सरकारी बी नाही अन् खाजगी बी नाही. सवलत द्यायची म्हटलं की आम्ही सरकारी. पगाराचं म्हटलं की महामंडळ वेगळं.”

मग जरा थांबून म्हणाले, “तुम्ही बी बसला होता ना तेरा साली? पेपर तपासायचे नाही म्हणून. माझी पोरगी तवा टी.वाय.ला होती. निकाल लई लांबला तिचा.”

हे ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो. २०१३ साली फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत राज्यातील महाविद्यालयीन प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या सहकाऱ्यांचा प्रश्न, अशा मागण्या होत्या. आम्ही नोकरीत नवे होतो आणि त्या बहिष्कारात पूर्ण मनाने सहभागी होतो. ७१ दिवसांचे वेतन रोखले गेले, ते आम्ही अभिमानाने सोसले. विद्यार्थी विचारायला येत, तेव्हा आम्ही त्यांना समजावून सांगत असू: संपाचा त्रास होणारच, त्रास झाल्याशिवाय आपल्या कामाची किंमत कोणाला कळत नाही. हेच वाक्य त्या बाकावर बसून आम्हाला स्वतःला ऐकवता आले असते. सकाळपासून ते आम्हाला एकदाही आठवले नव्हते.

“मुलीचं नुकसान झालं का?” आम्ही विचारले.

“एक वरीस गेलं. मग लागली मार्गाला,” एवढेच ते म्हणाले, आणि चहावाल्याला आणखी दोन चहा सांगून त्यांनी हिशेबाची एक गोष्ट काढली. दिवसाअखेर तिकिटांची रक्कम जुळली नाही, तर कमी पडलेले पैसे कंडक्टरने भरायचे; तिकीट न फाडलेला एखादा प्रवासी तपासणीत सापडला, तर नोकरीवर बालंट. “रातच्याला झोप येत नाही, सर, दहा रुपयांनी.” एका पैसाठी रात्र जागलेल्या एकनाथांच्या भक्तीचे कौतुक आम्ही तासाभरापूर्वीच वर करून आलो होतो. त्या पैचा हिशेब रोज लावणारा माणूस खाली बसलेला होता.

अंधार पडायला आला तेव्हा झेंडूच्या फुलांच्या जाळ्या घेऊन शहराकडे निघालेला एक टेम्पो आला. चालक त्यांच्या ओळखीचा निघाला. त्यांनी हात करून तो थांबवला आणि क्षणात त्यांची चर्याच पालटली. “म्हातारीला आधी घ्या. पाट्या मागं लावा. चला, पुढं सरका, पुढं सरका, मधी लई जागा हाय!” सीताफळवाल्या बायका, दोन शाळकरी पोरे, एक आजारी आजोबा आणि आम्ही, अशा चौदा माणसांना त्यांनी त्या फुलांच्या जाळ्यांमध्ये नीट बसवले. बोटाने मोजले. पुन्हा एकदा मोजले. मग टेम्पोच्या पत्र्यावर हाताने दोन थापा दिल्या. डबल बेल! गाडी सुटली. संपावर असलेला तो माणूस रस्त्यात उभा राहून, गाडी दरवाज्यातून पार होईपर्यंत पाहत होता. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले, हे आम्हाला शहर आल्यावर उमगले.

वेरूळ अर्थातच राहिले. दुसऱ्या दिवशी रेल्वेने मनमाड आणि तेथून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसच्या सर्वसाधारण डब्यात दाराशी उभे राहून आम्ही साताऱ्याला पोहोचलो. २० ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने तो संप बेकायदेशीर ठरवला आणि भाऊबीजेला, २१ तारखेला, गाड्या पुन्हा धावू लागल्या.

त्यांचा अंदाज बरोबर निघाला. आमचा सातवा वेतन आयोग २०१९च्या मार्चमध्ये, १ जानेवारी २०१६पासूनच्या लाभांसह लागू झाला. एस.टी. कर्मचारी मात्र २०२१च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुन्हा संपावर गेले. या वेळी मागणी राज्य शासनात विलीनीकरणाची होती. संप पाच महिन्यांहून अधिक चालला. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत राहिल्या. पगारवाढ जाहीर झाली, समितीने विलीनीकरण मात्र नाकारले, आणि २२ एप्रिल २०२२पर्यंत कामावर परतण्याची मुदत न्यायालयाने दिली. करोनानंतर नुकतीच उघडलेली आमची महाविद्यालये त्या हिवाळ्यात अर्धी रिकामी होती, कारण आमच्या खेड्यांतल्या मुलींना वर्गापर्यंत आणणारी एस.टी.च नव्हती. स्टाफरूममध्ये सहकारी चिडून बोलत. आम्ही दोघे त्या चर्चेत फारसे बोललो नाही. संप बरोबर होता की चूक, याचे उत्तर आमच्याजवळ आजही तयार नाही. ज्या मुली घरी बसल्या, त्यांच्यापुढे उभे राहून ‘त्रास होणारच’ हे वाक्य पुन्हा म्हणण्याचे धैर्य मात्र आम्हाला झाले नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून मराठी कथा-कादंबऱ्यांतली किती पात्रे या गाडीतून गावी उतरली आणि किती शहराकडे गेली, याची मोजदाद कोणी केलेली नाही. आपण त्या पात्रांविषयी प्रबंध लिहितो. गाडीची घंटी वाजवणारा हात आपल्या समीक्षेत क्वचितच येतो. आमच्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी प्रकल्पासाठी विषय मागितला, तेव्हा आम्ही तिला हाच सुचवला. तिचे वडील एस.टी.त आहेत, हे आम्हाला नंतर कळले.

वेरूळ अजून पाहायचे आहे. यंदाच्या सुट्टीत जावे म्हणतो. एस.टी.नेच.