लूज कॉन्टॅक्ट

माझ्या माडीवरच्या खोलीत गोंदियाहून सुटलेली गाडी बालाघाटला पोचायला मिनिटभरही लागत नाही. मधे कुठे अडली नाही तर. पण बरेच महिने ती अडत होती. बिरसोल्याच्या अलीकडे, जिथे मी पुठ्ठ्याची राइस मिल उभी केली आहे, तिथे छोटं इंजिन झटका देऊन थांबायचं आणि बोटाने जरा ढकललं की काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघायचं. रोज नाही. दुपारी तर कधीच नाही. पाहुण्यांसमोर मात्र हमखास.

मॉडेल 1:87 या प्रमाणात आहे. त्यात 762 मिलिमीटरची छोटी लाइन 9 मिलिमीटरच्या तयार रुळांवर जवळपास चपखल बसते. मोठ्या लाइनीचं तसं जमत नाही. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची; ती 19 मिलिमीटरच्या वर यायला हवी, आणि बाजारात मिळतो तो साडेसोळाचा रूळ, युरोप-अमेरिकेच्या मापाचा. जाणकार नाक मुरडतात. मी मुरडू देतो. माझा जीव छोट्या लाइनीत अडकलेला आहे.

गोंदिया-नैनपूर-जबलपूर ही लाइन बंगाल-नागपूर रेल्वेने 1903 ते 1905 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू केली. आमच्या लहानपणी तिला कुणी नॅरोगेज म्हणत नसे, ‘छोटी लाइन’ म्हणत. मामाच्या गावी त्याच गाडीने जायचो. डब्यातले दिवे गाडी चालली की पेटायचे, स्टेशन आलं की मंदावायचे आणि गाडी जास्त वेळ थांबली तर विझायचे. डब्याखाली आसाला पट्ट्याने जोडलेला डायनॅमो असतो, चाकं फिरली की तो बॅटरी भरतो, आणि बॅटरीत दम नसला की थांबलेल्या गाडीत अंधार होतो, हे बाबांनी समजावून सांगितलं होतं. आई मात्र स्टेशन यायच्या आधीच डबा उघडून आमची जेवणं उरकून घ्यायची. तिला डायनॅमोशी देणंघेणं नव्हतं, अंधारात भाजी सांडते एवढं ठाऊक होतं.

बाबा सिग्नल खात्यात मेंटेनर होते. त्यांचं सगळं आयुष्य ट्रॅक सर्किटमागे गेलं. ही युक्ती अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सनची, 1872 सालची, आणि इतकी साधी की मी शाळेत शिकवायला लागल्यावर पोरांना विजेच्या धड्यात हमखास सांगायचो. रुळांच्या एका तुकड्याला एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच. तुकडा रिकामा असला की रुळांतून वीज रिलेपर्यंत पोचते आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, वीज वाटेतूनच परत फिरते, रिले पडतो, सिग्नल लाल. खरी करामत पुढे आहे. तार तुटली, बॅटरी उतरली, रूळ मोडला, तरी रिले पडतोच. म्हणजे यांतलं काहीही बिघडलं तरी निकाल एकच, लाल. गाडी खोळंबेल, पण कुणी मरणार नाही.

या लालपायी बाबांना रात्री-बेरात्री उठून जावं लागे. पावसाळ्यात खडी चिखलाने भरली की रुळांतली वीज खडीतूनच गळते. इन्सुलेटेड जॉइंटच्या फटीत ब्रेकच्या लोखंडाची भुकटी साचली की दोन तुकडे एकमेकांना चिकटतात. ते टॉर्च आणि मीटर घेऊन पोचेपर्यंत पाऊस थांबलेला असे, रिले आपसूक उचललेला असे आणि स्टेशनमास्तर म्हणे, ‘अब तो ठीक है, जाने दो.’ बाबा जाऊ देत नसत. लाइनीच्या कडेला बसून राहत. आईने विचारलं तर म्हणत, ‘आपोआप सुरू झाला म्हनजे सुधरला नाही थो. अजून येक डाव होऊ दे त्याले.’ उलट्या बिघाडाला ते सगळ्यांत जास्त भीत. क्वचित वापरातल्या साइडिंगवर रूळ गंजतात, गंजामुळे चाकाचा रुळाशी धड संपर्क होत नाही, आणि गाडी उभी असूनही रिले उचललेला राहतो. सिग्नलला गाडी दिसतच नाही. त्या गोष्टीवर ते घरात बोलत नसत.

पुढे भारनियमनाची वर्षं आली. वेळापत्रक पेपरात छापून यायचं, गावातल्या मिलवाल्यांपासून झेरॉक्सवाल्यांपर्यंत सगळे त्यावर चालायचे. मग घरोघरी इन्व्हर्टर आले. आज जिल्ह्यातच, तिरोड्याला, 660 मेगावॉटचे पाच संच उभे आहेत, पण इन्व्हर्टर कुणी काढला नाही. आमच्याकडे लाइट जाते तेव्हा पंख्याचा आवाज किंचित बदलतो, बस. एकदा संध्याकाळभर लाइट नव्हती, हे इन्व्हर्टरची बॅटरी संपल्यावर समजलं; खांबावरची तार पहिल्यापासून ढिली होती. इन्व्हर्टर नसता तर लाइनमनला तेव्हाच फोन गेला असता. ही कुरकुर मी घरात केली तर सूनबाई म्हणते, ‘मग अंधारात बसा, बाबा.’ तिचं बरोबरच आहे, मला बसायचं नसतं.

हे सगळं छोट्या इंजिनापाशी येतं ते असं. निवृत्तीनंतर मुलाने जर्मनीहून डिजिटल संच आणून दिला. ही पद्धत मुळात तिथल्याच लेन्झ कंपनीची. पुढे अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या संघटनेने 1990च्या दशकात तिचं प्रमाणित रूप ठरवलं. जुन्या खेळण्यात रुळांतली वीज वाढवली की सगळ्या गाड्या एकदम पळत. इथे रुळांत कायम 14-15 व्होल्ट असतात आणि त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटत असते. 58 मायक्रोसेकंदांचा अर्धा ठोका म्हणजे एक, 100 किंवा त्याहून लांब म्हणजे शून्य. याच एक-शून्यांतून प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम जातो आणि इंजिनातला डिकोडर आपल्या नावचा तेवढा पाळतो. अन्नही त्याच रुळांतून आणि निरोपही त्याच. म्हणून संपर्क क्षणभर तुटला की जुनं इंजिन नुसतं अडखळायचं, हे नवं पार भान हरपून नव्याने सुरू होतं; आवाजाचं असेल तर शिटीसकट. छोट्या लाइनीचं इंजिन वजनाला हलकं, वीज उचलणारी चाकं मोजकी. मोठं इंजिन जशा जागेवरून बिनदिक्कत जातं तशा जागी हे रुसतं.

पहिला संशय अर्थातच धुळीवर. गोंदियात धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. मिलच्या भट्टीत कोंडा जळतो आणि त्याची काळी राख गच्चीवरच्या वाळवणावर, पापडांवर, सगळ्यावर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं ओलं करून रुळांवर फिरवलं की काळी रेघ उमटते. चाकंही पुसली. इंजिन दोन दिवस शहाण्यासारखं वागलं आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा बिरसोल्याला थांबलं.

मीटर लावला तर थांबल्या जागी पूर्ण व्होल्ट. इथे भलेभले फसतात, कारण मीटर जवळजवळ वीज खातच नाही. कच्च्या जोडातून थेंबभर करंट जात असला तरी तो खुशाल पूर्ण आकडा दाखवतो. काम करवून घेतल्याशिवाय जोडाची लायकी कळत नाही. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब दोन तारांसकट रुळांना टेकवला. गोंदिया स्टेशनात लख्ख. बिरसोल्यात आतली तार नुसती लालसर, विझत्या विडीच्या टोकासारखी. दुपारी तोच बल्ब त्याच जागी लख्ख!

सकाळ आणि दुपार यांत फरक कशाचा? माडीवर टिनाचे पत्रे आहेत. डिसेंबरात पहाटे खोली गारठलेली असते आणि दुपारी तापते. मीटरभर रूळ 20 अंशांच्या फरकाने साधारण एक तृतीयांश मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. मोठ्या लाइनीच्या प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी फीडर तार आहे. बिरसोल्याचा हा तुकडा मात्र नागपूरच्या एका हौशी गृहस्थांकडून जोडलेला मिळाला होता आणि त्याला वीज पोचत होती ती केवळ दोन रुळांना सांधणाऱ्या इवल्या जोडपट्टीतून. दुपारी रूळ फुगून पट्टीत घट्ट बसत, पहाटे आखडून ढिले होत.

खात्री मात्र हवी होती. एका गार सकाळी बल्ब लावून ठेवला आणि दात कोरायच्या काडीने ती पट्टी हलकेच दाबली. बल्ब भडकला. काडी उचलली, पुन्हा लाल. मग पाच रुपयांचं पिवळं नाणं दोन रुळांवर आडवं टाकलं. शॉर्ट झाल्यावर रुळांना वीज देणाऱ्या बूस्टरने तत्क्षणी ती तोडायला हवी, तोडली नाही. नाणं झटकन उचललं. हा त्या गंजक्या साइडिंगचाच भाऊ: धोका समोर उभा आणि यंत्राला त्याचा पत्ता नाही. त्याच दुपारी दोन्ही रुळांना तळाशी डाग देऊन फीडर खाली मुख्य तारेला जोडले. पट्टी काढून पाहिली तर आतून काळी पडलेली. नाण्याची परीक्षा आता पहाटेही पास होते.

नातवाचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं. ‘आजोबा, कपॅसिटर लावा ना, गाडी थांबणारच नाही.’ डिकोडरला छोटा साठवणीचा कपॅसिटर जोडला की संपर्क तुटला तरी इंजिन सेकंदभर आपल्या शिदोरीवर पुढे सरकतं. युक्ती चांगली आहे, आणि खऱ्या रेल्वेतही चालत्या गाडीला वीज नसलेला तुकडा पार करावा लागतोच. मोठ्या लाइनीवर 25 हजार व्होल्टच्या दोन फेजांच्या मधे मुद्दाम मोकळा तुकडा ठेवतात, 500 आणि 250 मीटर आधी पाट्या असतात, मग लोको पायलट डीजे, म्हणजे इंजिनाचा ब्रेकर, उघडतो आणि गाडी आपल्या वेगाने तो तुकडा ओलांडते. लग्नातल्या डीजेचा इथे संबंध नाही. मेमू गाडीत बसलं तर अशा जागी दिवे घटकाभर जातात. पण ती फट ठरवून ठेवलेली, पाटी लावलेली. माझ्या काळ्या पडलेल्या पट्टीला पाटी नव्हती. पहिल्याच दिवशी कपॅसिटर बसवला असता तर इंजिन तिच्यावरून वर्षानुवर्षं गेलं असतं, आणि शॉर्ट झाल्यावर बूस्टरने वीज न तोडल्याचं कळलं असतं ते प्लॅस्टिक जळाल्याच्या वासाने.

शेवटी वाटणी झाली. फीडर लागल्यावर नातवाच्या डिझेलला कपॅसिटर बसवला; ते त्याचं त्याने पळवावं. माझ्या वाफेच्या छोट्या इंजिनाला बसवलेला नाही आणि बसवणार नाही. सकाळी पहिली फेरी त्याची, हळूहळू, सगळ्या सांध्यांवरून. सध्या ते गोंदिया यार्डातल्या तिसऱ्या पॉइंटवर थांबतं. तिथल्या फ्रॉगला, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला, वीज देणारा स्विच कुरकुरतोय असा माझा अंदाज आहे. नातू म्हणतो, चाकंच घाण आहेत. रविवारी बल्ब लावून बघायचं ठरलं आहे.