७ आठवडे, १४ किलो

मधले दोन-अडीच महिने इथे काहीच लिहिलं नाही. कारण साधं आहे, मी बारीक होण्यात बिझी होतो. :)

तर झालं असं. जानेवारीत ऑफिसात 'वेट लॉस चॅलेंज' निघालं. सात आठवड्यांत ज्याचं वजन सगळ्यात जास्त उतरेल त्याला गिफ्ट व्हाउचर. त्यात मे महिन्यात लग्न (माझंच!), आणि शेरवानीचं माप देताना टेलरने टेप दोनदा लावून पाहिलेली. वजन ८८. मग इंजिनिअर माणूस जे करतो तेच केलं, एक्सेल शीट उघडली. सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री वाटीभर मूग. बास.

पहिल्याच आठवड्यात ४ किलो गायब! ते बहुतेक पाणीच होतं, हे खूप नंतर कळलं. उपाशी राहिलं की आधी शरीरातला ग्लायकोजेनचा साठा संपतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी बाहेर पडतं. पण तेव्हा मी ट्रेंडलाईन टाकून खूश होतो. त्या हिशोबाने पुढच्या दिवाळीपर्यंत माझं वजन शून्य होणार होतं.

फेब्रुवारीअखेर काटा ७४ वर. व्हाउचर मिळालं, टाळ्या मिळाल्या. जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मी कुणावरही खेकसायचो, रात्री झोपेऐवजी यूट्यूबवर शेवभाजीचे व्हिडिओ बघायचो. हे कुणाला सांगितलं नाही. (१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीजने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता. ती पोरंही शेवटी पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. वाचून जरा बरं वाटलं, मी एकटाच येडा नाही.)

होळीला घरी गेलो. घर म्हणजे शहादा, जिल्हा नंदुरबार. पुण्यात सगळे 'काय फिट दिसतोयस' म्हणायचे, इथे आईने दारातच कपाळावर हात मारला, "कितला वाळी गया रे तू!" आणि मग खापरावरची पुरणपोळी. एक नाही, चार. वर तुपाची धार. सात आठवड्यांचा उपवास सोडत होतो म्हणा ना.

रात्री अकराच्या सुमारास उजव्या बरगडीखाली कळ आली. आधी वाटलं गॅस. मग ती पाठीतून खांद्यापर्यंत गेली आणि मी अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन घामाने भिजलो. सकाळी सोनोग्राफी. पित्ताशयात तीन खडे, मोठा ६ मिलिमीटरचा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "इतक्यात वजन झपाट्याने कमी केलंत का?"

मी जवळजवळ अभिमानाने आकडा सांगितला. ते हसले नाहीत.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. चरबी भराभर वितळली की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. त्यात तेल-तूप पोटात जात नसेल तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त आतच साचून राहतं. साचलेल्या पित्तात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरलं की हा धोका बराच वाढतो. माझं सरासरी दोन किलो. शिवाय गेलेल्या १४ किलोंत स्नायूही गेलेले, नुसती चरबी नाही. ते म्हणाले, अर्धा ते एक किलो, त्याहून घाई नको.

पण खरी बोलणी खाल्ली ती वहिनींची. त्या तिकडे सातपुड्यात कुपोषित बालकांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात काम करतात. धडगाव-अक्कलकुव्याची नावं पेपरात कशासाठी येतात ते तुम्हाला माहीत आहेच. मी लॅपटॉप उघडून त्यांना माझा ग्राफ दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊजी, माझ्याकडच्या एखाद्या पोराची रेघ अशी खाली आली असती ना, तर मला झोप नसती लागली."

मग त्या बोलत राहिल्या. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, लेकरंही बरोबर. होळीच्या आसपास परत आली की दंडाला टेप लावायची. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला की लाल. अशा पोराला लगेच पोटभर जेवू घालता येत नाही, हे मला माहीतच नव्हतं. आधी पातळ दुधाचा आहार, १०० मिलीला ७५ कॅलरीचा, दर दोन तासांनी थोडा थोडा, रात्रीसुद्धा. कारण उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयच गडबडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं अशी जेवल्यावर दगावली होती. दोन आठवडे आईने केंद्रात राहायचं, बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळतात, पण घरी दुसरं मूल आणि म्हैस असते. काही जणी चौथ्या दिवशीच निघून जातात. "पन्नास ग्रॅम वाढले की आम्ही एकमेकींना फोन करतो," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्हाला कमी करायला व्हाउचर देतात होय?"

मी लॅपटॉप बंद केला. काय बोलणार?

"आमच्या केंद्रात असता तर परवा पुरणपोळी मिळाली नसती," असंही वर ऐकवलं.

असो. सध्या गोळ्या चालू आहेत. पुन्हा कळ आली तर ऑपरेशन, म्हणून लग्नाच्या तारखेकडे डोळे लावून आहे. दादरची भाकरी, वरण, भाजी, वेळच्या वेळी. मागच्या आठवड्यापासून उशीवर केस दिसायला लागलेत. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन महिन्यांनी गळतील आणि परत येतील. वजन ७७ आहे. टेलरचा फोन आला होता, शेरवानी ७४ किलोच्या मापाने शिवून झालीये म्हणे. शिलाई उसवायला सांगितली आहे.