दबलेली स्प्रिंग

मुलांनो, परवा द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात भावाची जीप उंच करायला दिली होती. जीप जॅकवर चढली, चाक निघालं. मी कुतूहलानं वाकले, तोच मिस्त्री ओरडले, "बाई, मागं सरा!" हनुवटीवरचा जुना व्रण दाखवत म्हणाले, "स्प्रिंग सुटली होती."

मग त्यांनी वेटोळ्यांना दोन्ही बाजूंनी आकडे अडकवून स्प्रिंग हळूहळू आवळली, आणि मगच वरचा नट सोडला. दाब दुप्पट केला की स्प्रिंग दुप्पट दबते, हा रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडलेला नियम. पण साठलेली शक्ती होते चौपट! ती एकदम सुटली तर?

लांब स्प्रिंगनं जीप दोन इंच उंचावली. "आता वळणावर जपून हं, जास्त कलेल," मिस्त्रींनी भावाला दोनदा बजावलं. आईला मात्र चढायला आता स्टूल लागतं!