ट्रॅक्टरचा झेंडा : उंच नको, पुढं हवा



महिनाभर माझ्या ट्रॅक्टरच्या नाकावर नारिंगी झेंडा बघून गावानं तीन प्रश्न विचारले. कुठल्या पक्षात गेलास, कुठल्या देवाचा नवस फेडतोस, आणि ट्रॅक्टर विकायला काढलास काय. तिन्हीचं उत्तर नाही. एका म्हातारीनं तर त्याला हात जोडून नमस्कारही केला. झेंडा का लावला ते आधी सांगतो, कसा लावला ते नंतर. लावताना मी दोनदा चुकलो, आणि त्यातली एक चूक जिवावरची होती. तुम्ही तीच करू नये म्हणून ही नोंद जरा लांब होणार आहे.

डांबरी रस्त्याला लागून माझं दीड एकर रान आहे. तिथं आडसाली लागण असते, को 86032. भाद्रपदात ऊस तेरा-चौदा महिन्यांचा होतो आणि 11 फूट उभा असतो. आमची पाणंद याच उसामधून येते आणि काटकोनात रस्त्याला लागते. दोन्ही बाजूंना ऊस, तोही अगदी साइडपट्टीपर्यंत. कुणी लावला? मीच. रस्त्याकडेला एक सरी जादा बसते म्हणून लावला.

गेल्या वर्षी भाद्रपदातच सकाळी साडेसहाला मी फवारणीचं पाणी आणायला टँकर जोडून बाहेर निघालो. शेजारच्या आबांचा धाकटा पोरगा डेअरीला दूध घालायला मोटरसायकलवरून येत होता. माझ्या उजवीकडून, आपल्या डाव्या बाजूनं, म्हणजे उसाला घासूनच. चूक त्याची काहीच नाही, तो नियमानंच चालला होता. मी सीटवर बसलो की सीटपासून बंपरपर्यंत 7 फूट अंतर आहे, हे नंतर टेपनं मोजलं. म्हणजे मला रस्ता दिसायच्या आधी ट्रॅक्टरचं 7 फूट नाक रस्त्यावर गेलेलं असतं. त्यानं गाडी वळवली, मागचं चाक चिखलावर घसरलं, किटली उडाली आणि तो खांद्यावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे चारला उठून पळायचा, संध्याकाळी गोळा फेकायचा. मैदानी चाचणी दीड महिन्यावर होती. हात गळ्यात बांधलेला, ती चाचणी गेलीच. आबा माझ्या दारात भांडायला आले नाहीत, पोलिसात गेले नाहीत, दवाखान्याचे पैसे द्यायला गेलो तर अर्धेच घेतले. म्हणाले, "अण्णा, अर्धा दोष त्या उसाचा." आता ऊस माझाच. आबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

झेंड्याची कल्पना भाच्याकडून आली. तो चंद्रपूरकडं उघड्या कोळसा खाणीत जीप चालवतो. तिथं लहान गाड्यांवर उंच लवचिक काठी आणि वर झेंडा असतो. डंपरवाल्याची केबिन घराच्या माडीएवढी उंच. जीप पुढ्यात जवळ आली की त्याला दिसतच नाही. झेंडा त्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो म्हणून जीप वाचते. भाच्यानं मोबाईलवर आणखी एक दाखवलं. कॅलिफोर्नियात वाळूच्या टेकड्यांवर पोरं चारचाकी मोटरसायकली पळवतात, तिथं जमिनीपासून 8 फूट उंच झेंडा सक्तीचा आहे. टेकडीच्या पलीकडून येणारी गाडी दिसत नाही, पण तिचा झेंडा माथ्यावरून आधी दिसतो.

मी म्हटलं, सोपं आहे. आपला ऊस 11 फूट, मग झेंडा 14 फूट. इथंच चुकलो.

पहिली चूक. घरात वायरिंगची अर्ध्या इंचाची लोखंडी नळी पडलेली होती. ती मागच्या मडगार्डला दोन यू-क्लॅम्पनं बांधली, टोक जमिनीपासून 14 फुटांवर. मोठ्या रुबाबात निघालो. विहिरीच्या मोटारीकडं जाणारी लाईन आमच्या बांधावरून जाते. नियमात रस्ता सोडून इतर ठिकाणी 11 हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार किमान 4.6 मीटर, म्हणजे साधारण 15 फूट उंच असायला हवी. कागदावर एक फूट शिल्लक. पण कडक उन्हात तार तापून लांबते आणि झोळ पडतो, खांब वाकलेला असला तर आणखी खाली येते. त्यात ट्रॅक्टरचं मागचं चाक बांधावर चढलं की नळीचं टोक फूटभर वर उसळतं. सौभाग्यवती भांगलण करत होती, ती ओरडली. मी ब्रेक दाबला तेव्हा नळी आणि तार यांच्यात हातभर अंतर असेल नसेल. लोखंडी नळी, लोखंडी ट्रॅक्टर, लोखंडी स्टेअरिंग आणि त्यावर माझा घामेजला हात. रिव्हर्स घेतला आणि तिथंच नळी सोडून बांधावर टाकली. ती आता दोडक्याच्या मांडवाला आहे.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. धातूची काठी लावायची नाही. ओला बांबूही नको, त्यातून वीज येते. मासे पकडायची काळी कार्बनची काठी हलकी आणि लवचिक असते, मोह होतो, पण कार्बनमधूनही वीज वाहते. काच-फायबरची काठी घ्या. आमच्याकडं रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात, त्या तारेला ज्या फायबरच्या काठ्या वापरतात त्यातली मी 6 फुटी घेतली. तीही पावसानं भिजलेली, धुळीनं माखलेली असेल तर तारेजवळ न्यायच्या लायकीची नाही. कापताना हातमोजे घाला. फायबरचं कुसळ बोटात गेलं की दिसत नाही आणि दोन दिवस टोचत राहतं.

दुसरी चूक जिवावरची नव्हती, पण शहाणपणाचा आव आणून केलेली होती. दोन काठ्या एकमेकींना जोडून मी पुन्हा मागंच लावल्या, टोक 12 फुटांवर. म्हटलं, उसाच्या वर फूटभर दिसेल ना. ट्रॅक्टर पाणंदीत उभा करून झेंड्याकडं बघत होतो, तेवढ्यात आबांचा तोच पोरगा आला. आता हाड जुळलंय, पुन्हा पळतो. म्हणाला, "काका, तुम्ही आतून बघून काय कळणार? थांबा, मी गाडीवरून येऊन बघतो."

त्यानं रस्त्यावर 100 पावलं मागं जाऊन गाडी फिरवली आणि आपल्या डाव्या कडेनं आला. झेंडा दिसला नाही. पुन्हा गेला, पुन्हा दिसला नाही. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं आला तेव्हा कुठं किंचित हलताना दिसला. मग त्यानं मला गाडीवर मागं बसवून नेलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उसाला घासून चालणाऱ्याला ऊस भिंतीसारखा असतो. भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून पलीकडच्या अंगणातला कंदील दिसत नाही, कंदील भिंतीपेक्षा हातभर उंच असला तरी. तो दिसायला आपण तरी लांब जायला हवं, नाहीतर कंदील तरी दुप्पट उंच हवा. वाळूची टेकडी उतरती असते म्हणून तिथं 8 फूट पुरतात. खाणीत बघणारा उंचावर असतो. आपल्याकडं भिंत उभी आणि बघणारा तिला चिकटून. उंची वाढवत गेलो तर ऊस संपायच्या आधी विजेची तार येईल.

मग उंचीचा नाद सोडला. पोरगाच म्हणाला, "झेंडा तुमच्या आधी रस्त्यावर आला पाहिजे, बस्स."

आता लावलाय तो असा. पुढच्या बंपरला वजनं अडकवायची भोकं असतात. त्यातल्या उजवीकडच्या भोकात 12 एमएमचा बोल्ट, त्यावर एल आकाराची पट्टी आणि पट्टीला वीतभर पाइपचा तुकडा पुढं झुकवून वेल्डिंग केला. सरळ उभ्यापासून साधारण 30 अंश पुढं. काठी थेट पाइपात बसवली नाही. मध्ये जाड रबरी होसचा आठ इंची तुकडा घातला आणि दोन्हीकडं होस क्लिप आवळली. बाजारात यासाठी स्प्रिंग मिळते, पण होसनं काम होतं. काठी कशाला आपटली तर वाकते आणि परत उभी राहते. ताठ बसवली असती तर पहिल्याच फांदीला मोडली असती, किंवा कुणाला तरी लागली असती.

हिशोब असा. बंपर जमिनीपासून 2 फूट, काठी 6 फूट. झुकवल्यामुळं टोक सव्वासात फूट उंच आणि बंपरच्या 3 फूट पुढं. म्हणजे मी सीटवर असताना झेंडा माझ्या 10 फूट आधी रस्त्यावर पोचतो. टोक 7 फुटांच्या खाली येऊ देऊ नका. मोटरसायकलवाल्याचं तोंड त्याच्याखालून निघून गेलं पाहिजे, काठी डोळ्यात जाता कामा नये. टोकाला मी रबरी बूच बसवलंय. कापड लांब सोडलं तर ते लोंबून तोंडावर येतं, म्हणून वीतभर रुंद आणि हातभर लांब एवढंच ठेवलं.

पण नुसता झेंडा लावून भागत नाही, हे नीट वाचा. ट्रॅक्टर लो गिअरमध्ये ताशी अडीच किलोमीटरनं सरकत असला तरी ते 3 फूट सव्वा सेकंदात संपतात. ताशी 40 नं येणारी मोटरसायकल एका सेकंदात 36 फूट जाते. तिला बघून, ब्रेक दाबून थांबायला 100 फूट धरा, चिखल असेल तर जास्तच. म्हणून झेंडा बाहेर आणि नाक आत अशा ठिकाणी ट्रॅक्टर पूर्ण थांबवायचा. बांधावर चुन्याचा दगड ठेवलाय, पुढचं चाक त्या दगडाशी आलं की थांबतो. हॉर्न देतो, पाच आकडे मोजतो, मग सरकतो. पाच सेकंदांत त्या गाडीवाल्याला 180 फूट मिळतात. पहिल्या आठवड्यात मला याचा कंटाळा आला, खोटं कशाला सांगू. सोबत कोणी असेल तर त्याला उतरवून रस्त्यावर उभं करणं याहूनही चांगलं. पण पाणी आणायला दोन माणसं कुठून आणायची.

रंगाचंही सांगतो. रस्त्याच्या कामावरचं पोपटी चमकणारं जाकीट कापून पहिला झेंडा केला होता. उसाच्या पानांत तो हरवला. लाल केला तर दिवसा उठून दिसतो, पण सांज झाली की लाल रंग सगळ्यात आधी काळा पडतो. पांढरा तुऱ्यात मिसळतो. चमकणारा नारिंगीच बरा, गावानं काहीही म्हणो. हलणारं कापड पत्र्याच्या पाटीपेक्षा लवकर डोळ्यात भरतं. पण रात्री याचा काहीच उपयोग नाही. रात्री दिवा आणि रिफ्लेक्टरच लागतात. झेंडा लावला म्हणून ट्रॉलीच्या मागची रिफ्लेक्टर पट्टी विसरलेला माणूस मी आमच्याच गावात बघितलाय.

आंतरमशागत करताना, फवारणीला आणि झाडाखालून जाताना काठी काढून ठेवतो. एक क्लिप ढिली केली की निघते. रस्त्याला येताना लावायची.

आणि आता खरी गोष्ट. झेंडा हे दुसरं काम आहे. पहिलं काम कोपऱ्याचं. पाणंद रस्त्याला लागते तिथं दोन्ही बाजूंचा 33 फुटांचा त्रिकोणी कोपरा यंदा उसातून मोकळा केला. एका बाजूचा त्रिकोण अर्धा गुंठा, दोन्हीचा मिळून एक गुंठा. माझ्याकडं एकरी 60 टन पडतो, म्हणजे गुंठ्याला दीड टन. टनाला तीन हजार धरले तरी साडेचार हजारांचा ऊस गेला. त्यातून तोडणी-खत वजा करा. तिथं भुईमूग केला, गुडघ्याएवढा असतो, वरून सगळं दिसतं. शेंगा घरच्या झाल्या. हे सगळं करायला मला एका पोराचं हाड मोडावं लागलं, आणि तोवर त्या कोपऱ्यातली सरी मी दर वर्षी मोजून लावत होतो.

आबांनी परवा त्यांच्या ट्रॅक्टरसाठी तशीच पट्टी वेल्डिंग करून मागितली. करून दिली, पैसे पूर्ण घेतले. अर्धे घेतले असते तर त्यांनी मला हाकललं असतं.

एक अडचण मात्र राहिली आहे. नारिंगी कापड दोन महिन्यांत उन्हानं फिकं पडतं आणि टोकाकडून चिंध्या होतात. दुहेरी शिवण घातली तरी फाटतंय. ताडपत्री जड होते, ती फडफडत नाही. उन्हात टिकणारं हलकं कापड कुणी वापरलं असेल तर खाली लिहा, भाव आणि दुकान कुठल्या गावात तेही लिहा.