ओट्याशी सरावलेला तोल

माणसाचा तोल डोळे, आतला कान आणि पावलांतली जाणीव या तिघांच्या भरवशावर राहतो. उतारवयात तिन्ही मंदावतात. मधुमेहाने तळपाय बधिर झाले, तर सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो आणि रात्रीच्या अंधारात डोळेही कामाचे नसतात. प्रस्तुत लेखिकेची मधुमेही आई 78व्या वर्षी अशीच पहाटे उठली, मोरीच्या उंबरठ्याला अडखळली आणि मनगट मोडून बसली.

हाड सांधले, धास्ती मात्र गेली नाही. आई भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकीना. घरच्यांनीही काळजीपोटी तिला बसवून ठेवले, आणि तेच चुकले. बसून राहिल्याने मांड्या-पिंढऱ्यांतली ताकद जाते व पुन्हा पडण्याचा धोका वाढतो.

फिजिओथेरपिस्टने आधी तिला पावले जुळवून उभे केले, मग एक पाऊल अर्धे पुढे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. या तिसऱ्या स्थितीत 10 सेकंद न टिकणाऱ्याला पडण्याचा धोका अधिक मानतात. आई चार सेकंदांत डगमगली.

सराव सुरू झाला तो स्वयंपाकघराच्या ओट्याशी. मागे खुर्ची, शेजारी घरचे कोणीतरी. पायांत मोजे नाहीत, कारण फरशीवर ते घसरतात. आधी दोन्ही तळवे ओट्यावर, काही दिवसांनी एकच हात, मग फक्त एक बोट. आधार असा कमी करत नेणे हेच या व्यायामाचे मर्म आहे. शरीर किंचित डळमळले तरच सावरायला शिकते; घट्ट धरून केलेल्या सरावाने तोल फारसा सुधारत नाही. सुरुवातीला आई ते एक बोट इतके दाबी, की नख पांढरे पडे.

जोडीला हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, चवड्यांवर उभे राहणे आणि चालणे असते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या प्रसिद्ध कार्यक्रमात घोट्याला वजने बांधून पायांची ताकदही वाढवतात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019च्या आढाव्यानुसार व्यायामाने ज्येष्ठांचे पडणे सुमारे पाव हिश्शाने घटते. सराव सोडला की फायदा ओसरतो, म्हणून तो आठवड्यातून तीनदा तरी चालू ठेवावा लागतो. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो. त्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात.

तिसऱ्या महिन्यात आईचे बोट ओट्याला नुसते टेकलेले असे. नख गुलाबीच राही.