सुईची तपासणी

सोनोग्राफीच्या पडद्यावर आज माझीच गाठ पाहिली. करड्या रंगात काळसर ठिपका. बधिर करण्याचं इंजेक्शन तेवढं झोंबलं. नंतर सुईचा ‘खट्’ आवाज. डॉक्टरीणबाईंनी तो आधीच ऐकवला होता, म्हणून दचकले नाही. प्रत्येकीला तो असा ऐकवायलाच हवा. फॉर्मालिनच्या बाटलीत शेवयांसारखे बारीक तुकडे दिसले. टाका नाही, जागा दाबून धरली, पट्टी लावली. घरी बर्फाचा शेक.

‘सुई लावली की गाठ पसरते,’ असं सासूबाई काकुळतीने सांगत होत्या. या भीतीपायी किती जणी उशीर करतात! ती भीती निराधार आहे. रिपोर्टला काही दिवस लागतील. बायांनो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पण तपासणी टाळू नका.